एक्स म्हणजे 'काय'?

दर वर्षी डिसेंबरचा पहिला आठवडा आला की आमच्या फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. मजकूर साधारण असा, की 'एक्समस' लिहू नका, ख्रिस्ताचं नाव पुसून त्या जागी फुली मारण्याचा हा डाव आहे, खरे ख्रिस्ती असाल तर हा मेसेज दहा जणांना पाठवा. (दहाच का, हे मला कधीच कळलेलं नाही.) पूर्वी मी असले मेसेज न वाचता डिलीट करायचो. पण दोन वर्षांपूर्वी हे प्रकरण थेट आमच्या घरात शिरलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. शिवाय मराठी विभागाचे संपादक सबमिशनच्या आधी लेख दे म्हणून मागे लागलेत. म्हणून हा प्रपंच.

एफ.ई.ला होतो तेव्हाची गोष्ट. आमचं घर नगरचं. २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर, पण एसटीत बसलं की तोंडातून नगरच निघतं. नाताळच्या आधी आमच्याकडे तरुण संघाची पोरं रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरतात. ढोलकी, टाळ, पेटी आणि हल्ली एक गिटारवाला. कुठल्या रात्री कुठली गल्ली याचं पत्रक आधी वाटावं लागतं, म्हणजे लोक चहा तयार ठेवतात. हे पत्रक करायचं काम माझ्याकडे आलं, कारण 'हा इंजिनिअरिंगला आहे, याला कॉम्प्युटर येतो' असा आमच्याकडे समज आहे. (तो सगळ्यांच्याच घरी असतो म्हणा. आत्याचा प्रिंटरही मीच दुरुस्त करतो.) रात्री बसून झकास पत्रक केलं. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'मेरी एक्समस', खाली मराठीत तारखा, गल्ल्या, वेळा. पूर्ण 'ख्रिसमस' लिहिलं तर एका ओळीत बसेना, फॉन्ट लहान करावा लागत होता. एवढंच कारण. डाव वगैरे काही नाही! दोनशे प्रती काढून आणल्या आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठलो तर पुढच्या खोलीत दिवा चालू. आजोबा टेबलाशी बसलेले, समोर पत्रकांचा गठ्ठा, हातात निळं बॉलपेन. प्रत्येक पत्रकावर त्या एक्सवर एक बारीक रेघ मारून वर सुवाच्य अक्षरात 'ख्राइस्ट' लिहीत होते. दीडशेच्या आसपास झाली होती. मला ते काही बोलले नव्हते. पाळकसाहेबांकडे तक्रार नाही, घरात चिडचिड नाही. पोरगं झोपल्यावर गुपचूप बसून एकेक कागद दुरुस्त करत होते.

"आजोबा, झोपा की. असू दे ना, सगळेच लिहितात तसं."

आजोबा शाळेत गणित शिकवायचे. चष्मा काढून म्हणाले, "अरे, छत्तीस वर्षं मी फळ्यावर एक्स लिहिला. ज्याची किंमत माहीत नाही त्याला एक्स म्हणायचं, हे मीच पोरांना शिकवलं. प्रभूचं नाव मला माहीत आहे. मी त्याला एक्स कसा म्हणू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेली पन्नासेक पत्रकं मी दुरुस्त केली. माझं अक्षर वाईट आहे.

हॉस्टेलला परत आल्यावर मात्र मी या एक्सच्या मागे लागलो. आणि मित्रहो, सांगायला आनंद वाटतो की तो फॉरवर्ड साफ चुकीचा आहे. 'एक्समस'मधला एक्स हा आपला बीजगणितातला एक्स नव्हेच. बीजगणितातला एक्स देकार्तने १६३७ सालच्या पुस्तकात अज्ञात राशीसाठी वापरला आणि तो रूढ झाला. पुढे १८९५ साली राँटजेनला जे किरण सापडले त्यांचं काय ते त्यालाही कळेना, म्हणून त्यानेही त्यांना एक्स म्हटलं. हा झाला आजोबांच्या फळ्यावरचा एक्स. एक्समसमधला एक्स याच्यापेक्षा कितीतरी जुना आहे. ते इंग्रजी अक्षरच नाही. ते ग्रीक अक्षर आहे, दिसायला तसंच, उच्चार 'खी'. ग्रीकमध्ये 'ख्रिस्तोस' म्हणजे अभिषिक्त, आणि त्या शब्दाचं पहिलं अक्षर हेच. नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला, तेव्हा ख्रिस्ताचं नाव पहिल्यांदा कागदावर उतरलं ते या अक्षरापासूनच.

इंग्रज लोक याच अक्षराला 'काय' म्हणतात. आपली स्टॅटिस्टिक्समधली काय-स्क्वेअर टेस्ट आठवा, कार्ल पिअरसनने १९०० साली मांडलेली. त्यातला काय तो हाच. म्हणजे एखाद्याने विचारलं, एक्समसमधला एक्स म्हणजे काय, तर उत्तर एका शब्दात आहे. बरोबर, 'काय'! (हा विनोद मी मेसमध्ये तीनदा केला. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.)

जाता जाता आणखी एक. आपले सीनियर बी.ई.चा रिपोर्ट ज्यात करतात ते लॅटेक, त्याच्या शेवटी इंग्रजीत एक्स असताना आपण 'लॅटेक्स' का म्हणत नाही? कारण तोही एक्स नाही, तीही खी. मूळचं टेक बनवणाऱ्या डोनाल्ड कनुथने ते नाव ग्रीक अक्षरांवरून ठेवलं, आणि उच्चार चुकवणाऱ्यांना तो आवर्जून सांगत आला. तोच कनुथ, ज्याची अल्गोरिदमवरची जाडजूड पुस्तकं लायब्ररीत काचेच्या कपाटात असतात. तो स्वतः लुथरन ख्रिस्ती. बायबलमधल्या प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचं सोळावं वचन घेऊन त्याने एक अख्खं पुस्तक लिहिलंय.

बरं, नाव कापून लिहिणं ही आळशी पोरांची आजकालची फॅशन आहे का? तेही नाही. नव्या कराराच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द पूर्ण लिहिलेले सापडत नाहीत. पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहायचं आणि वर एक आडवी रेघ मारायची, अशी पद्धत. चौथ्या शतकातली सिनाई हस्तलिखित प्रत, जिचा मोठा भाग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, तिच्यातही हेच. आणि गंमत बघा, डिजिटलमध्ये आपण डोक्यावर बार देतो तो 'नॉट' म्हणून. त्यांचा बार नेमका उलटा. बार दिसला की वाचणाऱ्याने समजायचं, हा शब्द साधा नाही, पवित्र आहे. म्हणजे नाव कापणं हाच आदर दाखवायचा प्रकार होता.

कोणी म्हणेल, कातडं महाग होतं, जागा वाचवत असतील. मलाही आधी तसंच वाटलं. पण मग मी 'बुक ऑफ केल्स'चं ते पान बघितलं. इ.स. ८०० च्या सुमाराला मठवासी साधूंनी हाताने लिहिलेली, रंगवलेली ही शुभवर्तमानांची पोथी. आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात आधी लांबलचक वंशावळ आहे, अमक्याला तमका झाला वगैरे. ती संपते आणि अठराव्या वचनापासून येशूच्या जन्माची हकिगत सुरू होते. म्हणजे नाताळची गोष्ट इथे सुरू होते असं म्हणा. आणि नेमक्या या जागी त्या साधूंनी काय केलं? ख्रिस्ताचं नाव कापून लिहिलं! एक प्रचंड एक्स, त्याला बिलगून बाकीची दोन अक्षरं, आणि कोपऱ्यात जेमतेम एक-दोन शब्द. एवढ्यात अख्खं पान संपलं. त्या एक्सच्या एकेका फाट्यात इतकी वेलबुट्टी, इतकी वर्तुळात वर्तुळं की स्क्रीनवर झूम करत गेलो तरी नवीन काहीतरी निघतच राहतं. खालच्या बाजूला मांजरं आहेत, उंदीर आहेत, मासा धरलेलं एक पाणमांजर आहे. उद्याची सबमिशन असताना मी तासभर ते पान बघत बसलो होतो. ज्याला जागा वाचवायची आहे तो माणूस एका अक्षरासाठी पान घालवत नाही. घाईत असलेला माणूस तर नाहीच नाही.

उदाहरणं आणखी आहेत. त्या एक्सवर मधोमध पी उभा केलेली खूण तुम्ही चर्चमध्ये पाहिली असेल. तो पी नाही, ग्रीक 'ऱ्हो' आहे, म्हणजे र. ख आणि र मिळून ख्रिस्ताचं नाव सुरू होतं. इ.स. ३१२ मध्ये मिल्वियन पुलाजवळच्या लढाईशी आणि कॉन्स्टंटाइन बादशहाशी ही खूण जोडली जाते, पुढे ती रोमन नाण्यांवरही आली. गाड्यांच्या मागे मासा चिकटवलेला असतो, तेही संक्षिप्त रूपच. 'इख्थुस' म्हणजे ग्रीकमध्ये मासा, आणि त्याची पाच अक्षरं म्हणजे येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा. चक्क अॅक्रोनिम! गोव्याला ट्रिपला गेलात आणि बाँ जेझूच्या बॅसिलिकासमोर फोटो काढलात तर दर्शनी भिंतीवर वर आयएचएस कोरलेलं दिसेल. 'इन हिज सर्व्हिस' वगैरे त्याचे अर्थ लोक आपापल्या मनाने लावतात, पण ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं आहेत, मधला एच म्हणजे ग्रीक 'ईटा'. इंग्रजीतसुद्धा ख्रिसमसमधला ख्रिस्त एक्सने लिहायची सवय हजारएक वर्षांची आहे. तेव्हा लिहिणारे बहुतेक मठातलेच लोक. त्यांनी ख्रिस्ताविरुद्ध डाव रचला असं म्हणायचं असेल तर म्हणा.

मग हे भांडण आलं कुठून? मला दिसतं ते असं की बरंचसं अमेरिकेतून. १९७७ साली न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर मेल्ड्रिम थॉम्सन यांनी पत्रक काढून पत्रकारांना बजावलं होतं की एक्समस लिहू नका, हे मूर्तिपूजकांचं स्पेलिंग आहे. गव्हर्नरसाहेबांना ग्रीक कोणी सांगितलं नसावं. तिकडच्या बाजारू ख्रिसमसला लोक कंटाळले होते हे खरं, आणि राग निघायला एक अक्षर सापडलं. त्याआधी इंग्लंडमध्ये नार्नियावाले सी. एस. लुइस यांनी १९५४ साली यावर एक झकास विडंबन लिहिलं होतं. त्यात एका देशात एकाच दिवशी दोन सण असतात. एक 'एक्समस', ज्यात लोक कार्ड आणि भेटी विकत घेऊन घेऊन थकतात, आणि दुसरा 'ख्रिसमस', जो थोडे लोक शांतपणे पाळतात. लुइस यांचा रोख खरेदीवर होता, स्पेलिंगवर नव्हे. फॉरवर्डवाल्यांना स्पेलिंग तेवढं दिसलं.

आता यातला आमच्या नगरचा भाग, जो मला सगळ्यात मजेशीर वाटतो. नगरला १८३१ पासून काम केलेलं अमेरिकन मराठी मिशन हे बॉस्टनच्या संस्थेचं. बॉस्टन म्हणजे मॅसॅच्युसेट्स. तिथल्या प्युरिटन लोकांनी, म्हणजे आमच्या मिशनऱ्यांच्या धार्मिक पूर्वजांनीच, १६५९ साली कायदा केला होता की जो नाताळ साजरा करेल त्याला पाच शिलिंग दंड. हा कायदा १६८१ पर्यंत होता. बायबलमध्ये पंचवीस डिसेंबर कुठे लिहिलाय, असा त्यांचा सवाल. तिथे संक्षेप कुठला घेऊन बसलात, अख्खा सणच रद्द! आणि 'ख्रिसमस'मधला उरलेला 'मस' म्हणजे कॅथलिक लोकांची मिस्सा, जी आम्हा प्रोटेस्टंटांकडे होतच नाही. आम्ही एक्सवर भांडतो आणि मसबद्दल अवाक्षर काढत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण मराठीत 'ख्रिसमस' म्हणतोच कुठे? म्हणतो नाताळ. पोर्तुगीज 'नाताल', म्हणजे जन्म. कोणाचा जन्म ते शब्दात नाहीच! (वास्को द गामा १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून गेला त्याला त्याने हेच नाव दिलं. गांधीजींचं 'नाताळ' ते हेच.) फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन लोकांच्या सणाच्या नावातही ख्रिस्त नाही, जर्मनांच्या नावात नुसत्या पवित्र रात्री आहेत. त्यांची श्रद्धा त्यामुळे पातळ झाली असं कोणी म्हणत नाही. आमच्या आजीने आयुष्यभर नाताळ म्हटलं, आणि तिच्याइतकी गुडघ्यावर बसणारी बाई मी पाहिली नाही.

आणि 'इ.स.'? इसवी सन, म्हणजे ईसाचं वर्ष, म्हणजे येशूचं. शिवराज्याभिषेक इ.स. १६७४ असं आपण दहावीपर्यंत शेकडो वेळा लिहिलं. इतिहासाच्या प्रत्येक पानावर येशूचं नाव एका 'इ'वर आणून ठेवलंय. आजवर एकाही ख्रिस्ती माणसाने त्यावर हरकत घेतलेली माझ्या तरी ऐकण्यात नाही. आजोबांनीसुद्धा नाही.

हा सगळा दारूगोळा घेऊन मी सुट्टीत घरी गेलो. केल्सच्या पानाची कलर प्रिंट काढून नेली होती. आजोबांना समोर बसवलं आणि तासभर व्हायवा घेतल्यासारखं सगळं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. प्रिंट खिडकीजवळ नेऊन पाहिली, मांजरं पाहून हसले. शेवटी मी हुकमाचा एक्का काढला. ते मला हॉस्टेलवर पोस्टकार्ड पाठवतात. (हो, पोस्टकार्ड! सेक्युरिटीवाले काका ते आधी वाचतात आणि मग मला देतात.) त्याची सुरुवात कायम 'चि.' आणि मग 'अ. उ. आ.' अशी. अनेक उत्तम आशीर्वाद. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही मला आशीर्वादसुद्धा तीन अक्षरांत देता. मग ते कमी झाले का?"

आजोबा म्हणाले, "तुला ते उलगडता येतात म्हणून मी लिहितो. टपालवाल्याला लिहीन का?"

मी गप्प.

मग ते म्हणाले, "तुझं ग्रीक खरं असेल. मला आता पटलं. पण पत्रक तू दोनशे घरी दिलंस. त्यातल्या किती जणांना ते ग्रीक माहीत होतं? तुला स्वतःला माहीत होतं का?"

नव्हतं. मी फॉन्ट लहान होतो म्हणून लिहिलं होतं.

मी ई अँड टीसीचा. कोडिंगचं पहिलं तत्त्व हे की एन्कोडर आणि डिकोडर दोघांकडे तेच कोडबुक पाहिजे, नाहीतर पाठवलेला मेसेज म्हणजे नॉइज. केल्सच्या साधूंकडे कोडबुक होतं, वाचणाऱ्याकडेही होतं. त्यांच्यासाठी एक्स म्हणजे ख्रिस्त. आज मी रस्त्यावर पत्रक वाटतो तेव्हा? २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही थोडे कमी. माझा रूममेट सांगलीचा, हुशार पोरगा, त्याने मला सरळ विचारलं होतं, "एक्समसमधला एक्स म्हणजे अननोन का रे?" म्हणजे आजोबांना जे वाटलं तेच त्यालाही. दोघांच्या मध्ये साठ वर्षांचं अंतर आणि धर्म वेगळा, तरी डिकोड सेम. दोघांना वेडं ठरवून मी एकटा ग्रीक घेऊन बसणार का?

अक्षरांत अर्थ आपोआप टिकून राहत नाही, हे आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना तर माहीत पाहिजे. मुंबईचं व्हीजेटीआय घ्या. १८८७ साली सुरू झालं तेव्हा व्हिक्टोरिया ज्युबिली, १९९७ साली झालं वीरमाता जिजाबाई. राणी गेली, जिजाऊ आल्या, पण चार अक्षरं जशीच्या तशी! रोज व्हीजेटीआय म्हणणाऱ्या पोरांच्या मनात यातलं कोण येतं? बहुधा कोणीच नाही, कॅन्टीन येत असेल. व्हीटीचं १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात 'महाराज' आलं, आणि लोकांच्या तोंडी राहिलं सीएसएमटी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या नामविस्ताराला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा हाच होता, की नाव लांब केलंत तर त्याची आद्याक्षरं होतील आणि 'शिवाजी' हा शब्दच जिभेवरून जाईल. तेव्हा संक्षेपात माणूस हरवतो ही भीती फक्त ख्रिस्ती लोकांचीच आहे असं नाही, आणि ती अगदी वेडगळही नाही.

मग माझं मत काय? विचारलंत म्हणून सांगतो. एक्समस लिहिणाऱ्या ख्रिस्ती माणसाने कसलंही पाप केलेलं नाही. त्याला तसं सांगणाऱ्याने आधी थोडं वाचावं. आणि 'दहा जणांना पाठवा'वाल्या फॉरवर्डची मला त्या अक्षरापेक्षा जास्त चीड येते, कारण त्यात नसलेला शत्रू उभा केलेला असतो. अमेरिकेत त्यांचं काय चाललंय ते त्यांना लखलाभ, इथे बेकरीवाल्याने काचेवर 'एक्समस केक मिळेल' लिहिलं तर त्याने आपल्या सणाची आठवण ठेवली म्हणून आनंद मानायचा की त्याच्यावर डूख धरायचा? तो आपल्याला केक विकतोय, धर्म बुडवत नाहीये. माझ्या डायरीत, माझ्या मित्रांच्या ग्रुपवर, जिथे सगळ्यांकडे कोडबुक आहे, तिथे मी एक्समस लिहितो आणि लिहीत राहणार.

पण जिथे नाव लोकांसमोर जायचंय, किंवा जिथे ते वाचून एखाद्या आजोबांना रात्री उठून बॉलपेन घ्यावंसं वाटेल, तिथे मी पूर्ण लिहीन. मी बरोबर असूनही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने मूर्तींपुढे ठेवलेल्या अन्नाबद्दल हाच प्रश्न सोडवलाय. मूर्ती काही नाही हे ज्याला माहीत आहे तो ते अन्न खाऊ शकतो, पण त्याच्या खाण्याने दुसऱ्या भावाचं मन अडखळत असेल तर त्याने खाऊ नये. ज्ञान आहे म्हणून ते वापरायलाच पाहिजे असं नाही. ही गोष्ट आम्ही संडे स्कूलमध्ये शिकलो होतो. तेव्हा वाटायचं, मूर्तींचं अन्न वगैरे जुन्या काळच्या भानगडी, आपल्याला काय करायचंय!

काही मित्र म्हणतात, हा कसला इश्यू, टाइप करायला वेळ कुणाला आहे. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. पाठवणारा नील पॅपवर्थ, बावीस वर्षांचा इंजिनिअर. हँडसेटवरून टाइप करायची सोय नव्हती म्हणून त्याने कॉम्प्युटरवरून पाठवला. मेसेज होता 'मेरी ख्रिसमस'. पूर्ण स्पेलिंग, मधली स्पेस धरून पंधरा कॅरेक्टर! एसएमएसच्या जन्माच्या वेळी ज्याला संक्षेप करायची मुभा होती त्याने केला नाही, आणि आज अमर्याद व्हॉट्सअॅप असताना आपण पाच अक्षरं वाचवतोय. मराठीत तर प्रश्नच नाही. इंग्रजी एक्समस चार कॅरेक्टरचं, 'नाताळ' काना-मात्रा मोजून पाच. एका कॅरेक्टरसाठी कुठे ग्रीक शिकवत बसता?

यंदाचं पत्रकही माझ्याकडेच आलं. (प्रिंटरचा समज कायम आहे.) वर मोठ्या अक्षरांत 'नाताळ' लिहिलं, एका ओळीत आरामात बसलं. उजव्या कोपऱ्यात लहानशी ती खी-ऱ्होची खूण काढली आणि तिच्या खाली एका ओळीत ही कोणाच्या नावाची अक्षरं आहेत ते लिहिलं. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "हे पीएक्स काय आहे, कंपनी का?" त्याला सांगत बसलो तेवढ्यात मागे रांग लागली. एकजण म्हणाला, "अहो, चर्चचं आहे ते, काढा लवकर."

घरी येऊन पहिली प्रत आजोबांना दिली. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. खुणेवर बोट ठेवून थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "गीतातला 'गी' ऱ्हस्व काढलास," आणि खिशातलं बॉलपेन काढलं.

— टी.ई. (ई अँड टीसी)